पांझरेचा फड आणि आकाशांतील फड

जळगांवाहून धुळ्यास येणाऱ्या प्रवाशास पांझरा नदी उन्हाळ्यांत क्षीण दिसते. परंतु तिच्या खोऱ्यांतील फड-पद्धति सुमारें ३०० वर्षांची जुनी आहे. बंधाऱ्याचें पाणी फडाफडास पाळीनें मिळतें. पाटकरी तें वांटून देतो.

गेल्या कार्तिकांत धुळ्यास एका हौशी रेडिओचालक स्नेह्यांकडे उतरलों, तेव्हां या फडाचें स्मरण झालें. चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्यांत आपल्याकडील हौशी मंडळींस ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ एवढेंच शेत. त्याचा वरचा अर्धा भाग २००९ पर्यंत प्रक्षेपण-केंद्रांकडे होता. येथें कोणाचीच मालकी नाहीं; "जागा मोकळी आहे काय?" असें विचारून मगच बोलावें, हा शिष्टाचार.

त्या पहांटे जागतिक स्पर्धा सुरू झाली. त्या गलबल्यांत अंथरुणास खिळलेल्या एका वृद्ध मित्रांचा आवाज बुडूं लागला. सकाळचें हें संभाषण हाच त्यांचा विरंगुळा. यजमान स्वतः स्पर्धक. तरी हातचे गुण सोडून त्यांनीं कडेची मोकळी जागा शोधिली आणि अर्धा तास त्यांच्याशीं बोलत बसले.

पाण्यास पाटकरी असतो. आकाशांत तो ज्यानें त्यानें आपल्या मनांत नेमावा लागतो.