सागरेश्वरच्या डोंगरावर मुलांची एक सकाळ

आमच्या गावच्या शाळेची सहल यंदा सागरेश्वरला निघाली. सोबत चार पालक हवे होते, म्हणून मीही गेले. देवदर्शन होईल, डबा खाऊन परत येऊ, एवढीच माझी कल्पना. पण ती सकाळ अजून मनातून जात नाही.

सागरेश्वर सांगली जिल्ह्यात, कराडहून सुमारे ३० किलोमीटरवर. रेल्वेने येणाऱ्यांना किर्लोस्करवाडी जवळ. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे इथेच पायथ्याशी आहे. महादेवाच्या जुन्या देवळाला हात जोडून आम्ही अभयारण्याच्या फाटकाशी आलो.

वाट दाखवायला एक वनरक्षक आले. त्यांनी आधीच बजावले, "बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. कागद, पिशवी काही टाकायचं नाही. पडलेलं पीससुद्धा उचलून न्यायचं नाही."

हे रान मुळात असे नव्हते. पूर्वी हा डोंगर उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यावर झाडे वाढवण्याचा ध्यास घेतला, लोकांना आणि सरकारला हाताशी धरले. झाडी वाढली, मग हरणे आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. बारमाही पाणी नाही, म्हणून जनावरांसाठी पाणवठे बांधलेले आहेत.

एका पाणवठ्याच्या चिखलात खूर उमटले होते. "गाईचे?" एका मुलीने विचारले. "सांबराचे," ते म्हणाले, "पण खूर गाईसारखाच दुभंगलेला. सांबरही रवंथच करतं." मग त्यांनी शिंगांचा फरक सांगितला. सांबर आणि चितळ यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची मात्र आपल्या बैलासारखी, जन्मभराची. चाळीस वर्षे गोठ्यात वावरून मला हे ठाऊक नव्हते!

पुढे त्यांनी दोन मुलांना तांब्याभर पाणी दिले. एकाने वाटेवरच्या उघड्या, टणक मातीवर ओतले. ते माती घेऊन उतारावरून पळाले. दुसऱ्याने झाडाखालच्या पाचोळ्यावर ओतले. ते तिथेच मुरले. "आता सांगा, तुमच्या विहिरीला पाणी कुठून येतं?" मुले गप्प झाली. आम्ही मोठेही गप्प.

माथ्यावरून कृष्णाकाठ दिसला. हिरवागार ऊस, द्राक्षांचे मांडव. सगळे त्यात रमले असताना आमच्यातले एक शेतकरी पालक म्हणाले, "सायेब, हरणं बघायला झ्याक हायती. पण माझ्या पाव्हण्याचं रान हितं कुंपणाला लागून हाय. रात्रीत हरभरा फस्त करत्यात, त्याचं काय?"

मला वाटले, आता वाद होणार. पण वनरक्षक शांतपणे म्हणाले, "काका, तुमचं खरं हाय. उन्हाळ्यात आत चारा-पाणी कमी पडतं, कुंपण कुठं मोडलं की जनावर बाहेर येतं. नुकसान झालं तर त्याच दिवशी कळवा, पंचनामा करून घ्या. सरकारी भरपाई मिळते. पण वीज सोडलेली तार लावू नका. त्यानं हरीण मरतं, अन् कधी घरचं माणूसबी."

काकांनी मान हलवली. पुरते समाधान झाले नसावे, आणि ते रास्तच आहे. हाताशी आलेले पीक गेले की काय वाटते, ते शेतकऱ्यालाच कळते.

उतरताना झाडीत चितळांचा कळप दिसला. एक पाडस आईला बिलगून आमच्याकडे टकामका पाहत होते. चाळीस मुले, पण कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. तेच काका माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "वैनी, आपल्या करडासारखंच दिसतंय की!"

गुरुजींनी मुलांना घरचा अभ्यास दिला आहे: आपल्या बांधावरची झाडे आणि त्यांवर येणारी पाखरे महिनाभर वहीत लिहायची. माझ्या धाकट्याच्या वहीत पहिल्या दिवशी दोनच झाडे निघाली, एक बाभूळ आणि एक कडुनिंब. तो म्हणाला, "आई, एवढीच?"

येत्या पावसाळ्यात बांधावर पाच रोपे लावायचे आम्ही ठरवले आहे. तुमच्या बांधावर किती झाडे आहेत, एकदा मुलांना मोजायला सांगा.