मानेवरचा मळ

आमच्या घरात स्वच्छतेचा फार बोलबाला. सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या वस्तीत आम्ही वाढलो. पाणी सकाळी तासभर, एका खोलीत नऊ माणसं, डोक्यावरून विमानांची घरघर. पण अम्मीच्या राज्यात कुणी न घासता-पुसता बाहेर पडलं असं झालं नाही. म्हणून २०२२ साली आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसू लागला, तेव्हा अम्मीने लगेच निदान केलं, "मळ साचलाय. पोरगी नीट न्हात नाही."

बेसन झालं, लिंबू झालं, शेवटी नारळाचा काथ्या झाला. मान लाल व्हायची, पोरगी रडायची, काळेपणा तसाच. शाळेत ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसू लागली. आम्ही सगळे पाहत होतो आणि अम्मीचीच री ओढत होतो.

ताप आला म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ओढणी बाजूला केली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. घासू नका." रक्तात इन्सुलिन फार वाढलं की मानेच्या, काखेच्या घड्यांतली कातडी अशी जाड आणि काळी होते. तपासणीत साखर हद्दीवर निघाली. मग त्यांनी आम्हाला अनपेक्षित असा प्रश्न विचारला, "जन्माच्या वेळी वजन किती होतं?"

भावजय खाली मान घालून म्हणाली, "सव्वादोन किलो."

त्या सव्वादोन किलोंचा हिशेब आम्ही तेव्हापासून मांडतो आहोत. इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदी शोधून १९८९ साली दाखवलं की कमी वजनाची जन्मलेली माणसं पुढे हृदयविकाराने जास्त दगावतात. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं पाहिली. ही बाळं विलायती बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास. स्नायू कमी, पोट-यकृत लहान. पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून! दिसायला बारीक, आतून जाड. पोटातल्या जिवाला पोषण कमी पडलं की तो आधी मेंदू वाचवतो. स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पुढे जगात आल्यावर भरपूर खाणं समोर येतं आणि ती तोकडी यंत्रणा धापा टाकू लागते.

आमच्या पोरीचं नेमकं हेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आमचा वाटा आम्हाला दिसतो. बाळ बारीक म्हणून आम्ही ते भरवायच्या मागे लागलो. कुणी बिस्किटाचा पुडा आणायचा, कुणी चहात बुडवलेली खारी भरवायचा, कुणी शीतपेय. सहाव्या-सातव्या वर्षी गाल वर आले तेव्हा अम्मीने नजर काढली. आम्हाला धन्य वाटलं. दिल्लीत १,४९२ माणसांचा जन्मापासून अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह किंवा त्याची सुरुवात आढळली, ती बालपणी बहुतेक लठ्ठ नव्हतीच. ती तान्हेपणी बारीक होती आणि पुढे बारा वर्षांपर्यंत त्यांचं वजन उंचीच्या मानाने चढत गेलं होतं. आम्ही ज्याला बाळसं म्हणत होतो, त्यातच धोक्याची खूण होती.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. २००६ ते २०१२ या काळात वांद्रे, खार, सांताक्रूझ, अंधेरीच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सरस' नावाचा प्रकल्प चालवला. साडेसहा हजार बायकांची नोंद झाली. गर्भ राहण्याआधीपासून त्यांना रोज समोसा-भजीसारखा पदार्थ खायला द्यायचा. काहींच्या पदार्थात पालेभाजी, फळं, दूध, तर काहींच्या पदार्थात बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. भावजयीच्या लग्नाला दोनतीन महिने झाले असतील, २००७ साल. एक कार्यकर्ती आमच्या दारात आली. अम्मी म्हणाली, "आमची सून बाहेर बसून खाणाऱ्यांतली नाही." आम्ही कुणी ब्र काढला नाही. सुनेला तर कुणी विचारलंच नाही.

ती गेली असती तर सगळं टळलं असतं, असंही नाही. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात फारसा फरक पडला नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी पालेभाजीचा पदार्थ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं, जेमतेम एका अंड्याएवढं. पण गरोदरपणातला मधुमेह शंभरात बाराऐवजी सात जणींना झाला. आणि बायका तिथे बसून खात होत्या, ही गोष्ट आम्हाला आकड्यांइतकीच मोठी वाटते.

कारण आमच्या घरी दस्तरखान अंथरला की आधी पुरुष, मग मुलं, मग अम्मी. भावजय शेवटी. मटणाच्या हंडीत तोवर रस्सा उरायचा. पालेभाजी आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची. २००८ च्या रमजानमध्ये तिला पाचवा महिना लागला होता. गरोदर बाईला रोज्याची सवलत आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिला ते कुणी सांगितलं नाही, आणि नव्या सुनेने स्वतःहून म्हणायची हिंमत केली नाही. इफ्तारच्या वेळी भजी तळायलाही तीच उभी.

हे सगळं आम्ही अम्मीला समजावलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मलाही माझ्या सासूने असंच ठेवलं होतं." तिचा स्वतःचा मधुमेह पंचवीस वर्षांचा.

याज्ञिकांच्या गावांतली ती बाळं मोठी झाली तेव्हा २०१२ पासून त्यांच्यातल्या अनेकांना ब-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहिलं गेलं. म्हणजे उद्याच्या बाळाची काळजी आजच्या मुलीच्या ताटापासून. आमची पुतणी आता रोज संध्याकाळी आईबरोबर तासभर चालते. शीतपेय बंद झालं आहे, मेथी-माठ-पालक सुरू. साखर आटोक्यात आहे, मानेचा पट्टा थोडा फिका पडला आहे. काथ्या अम्मीनेच फेकून दिला.

दस्तरखानावर आता सगळे एकत्र बसतो. भावजयीची जुनी सवय मात्र जात नाही, दोन घास खाऊन ती उठायला लागते, "आणखी काय आणू?" पोरगी तिचा हात धरून तिला खाली बसवते.