कितीचं मॉडेल?

आपल्याकडे सेकंडहँड गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कितीचं मॉडेल?’ किलोमीटर, टायर, मालक किती झाले, हे सगळं नंतर. सालावरून भाव ठरतो, आणि समोरचा गंडवतोय का याचा अंदाजही सालावरूनच बांधला जातो. मी ओहायोत जुनी माझदा मियाटा शोधायला लागलो, तेव्हा साताऱ्याहून बाबांनी व्हिडिओ कॉलवर हेच विचारलं. त्यांना नीट उत्तर द्यायला मला चार महिने लागले.

मियाटा म्हणजे दोन सीटची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार. युरोपात तिला एमएक्स-५ म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली. वजन साधारण टनभर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि बटण दाबलं की झोपेतून उठल्यासारखे वर येणारे हेडलाइट. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. माझ्यासारख्यांची तिच्याशी ओळख झाली ती ग्रॅन टुरिस्मोसारख्या गेममधून. ही पहिली पिढी अमेरिकेत १९९० ते १९९७ या मॉडेल वर्षांत आली. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा जवळपास माझ्याच वयाची.

मी सॉफ्टवेअरवाला. मला साल म्हणजे व्हर्जन नंबर वाटला आणि मी स्प्रेडशीट उघडली. १९९० ते ९३ : १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर. वजनाला सगळ्यात हलकी, आणि शौकीन मंडळींच्या मते सगळ्यात अस्सल. १९९४ : १.८ लिटर, १२८ हॉर्सपॉवर, मोठे डिस्क ब्रेक, बॉडीला जास्तीचे आधार, शेजारच्या सीटलाही एअरबॅग. हे सगळं आलं तसं थोडं वजनही आलं. १९९६ : १३३ हॉर्सपॉवर आणि ओबीडी-टू सॉकेट. त्यात छोटा स्कॅनर खोचला की इंजिनाचे दोष फोनवर वाचता येतात.

कागदावर सोपं होतं. पण साल हा फार ढोबळ आकडा आहे. सुरुवातीच्या १.६ इंजिनात क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. टायमिंग बेल्ट बदलताना तिथला बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर पुली डुगडुगते, खाच झिजते आणि शेवटी क्रँकशाफ्टच बाद होतो. १९९१ च्या मध्यात माझदाने हे टोक लांब आणि जाड केलं. म्हणजे दोन्ही गाड्यांच्या कागदांवर ‘१९९१’ लिहिलेलं असलं, तरी एकीला हा धोका असतो आणि दुसरीला नसतो. ओळखायचं कसं? बॉनेट उघडून टॉर्चने पुलीवरच्या खाचा मोजायच्या. चार असतील तर जुनं टोक, आठ असतील तर नवं. व्हर्जन नंबर तोच, बिल्ड वेगळं.

मग मला डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा सापडला. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तो खरा आहे. इंजिन थंड असताना वर, तापल्यावर आयडलला खाली, रेस केली की पुन्हा वर. साधारण १९९५ पासून त्या जागी काटा दिसतो तसाच, पण त्यामागे नुसता एक स्विच आहे. दाब ठरावीक पातळीच्या वर असेल तर काटा मधोमध उभा, नसेल तर शून्यावर. हो किंवा नाही एवढंच सांगणाऱ्या गोष्टीला मोजपट्टीचा मुखवटा चढवलेला. आमच्या ऑफिसातले कायम हिरवे दिसणारे काही डॅशबोर्ड मला लगेच आठवले.

म्हणजे १९९४ हे एकच साल असं, ज्यात १.८ इंजिन, दोन एअरबॅग आणि खरा काटा तिन्ही मिळतात. स्प्रेडशीटने निकाल दिला होता.

पण बाजारात साल विकायला नसतं, गाडी असते. दोन तासांवर मिळालेली १९९४ ची गाडी फोटोत देखणी होती. बाबांनी बजावलं होतं, ‘चुंबक घेऊन जा.’ हिचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, तिथे चुंबक चिकटत नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. पण दाराखालच्या पट्टीवर, मागच्या चाकाच्या अलीकडे, तो चिकटायलाच हवा. तिथून तो सरळ खाली पडला. आत पुट्टी, वर ताजा रंग. टपावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथेच साठतं, आणि ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मालकाला नमस्कार करून परत आलो.

उरल्या दोन. एक १९९२ ची लाल, आठ खाचांची, गंज नसलेली. चालवली तेव्हा वळणावर असं वाटलं, की हात वळवतोय ते स्टिअरिंग नाहीच, थेट चाकं आहेत. दुसरी १९९५ ची हिरवी, टेनेसीत वाढलेली, जरा जड, खोट्या काट्याची. सोबत पावत्यांची जाड फाइल. मन लाल गाडीत अडकलं होतं, आणि दोघींच्या भावात फार फरक नव्हता.

बायकोने एकच विचारलं, ‘लाल गाडीत माझ्या बाजूला एअरबॅग आहे?’

‘नाही. पण तीस वर्षं जुनी एअरबॅग ऐनवेळी उघडेल याची खात्री तरी कोण देणार?’

‘असलेली उघडेल की नाही, हा प्रश्न आहे. नसलेली उघडणारच नाही.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन सीटच्या गाडीत दुसरी सीट कुणा तरी पाहुण्याची नसते. ती तिचीच असणार होती. इतके दिवस मी वजन, हॉर्सपॉवर, काटा, सगळं ड्रायव्हरच्या जागेवरून मोजत होतो. ‘अस्सल’ हा शब्दसुद्धा बहुतेक वेळा स्टिअरिंगमागे बसलेलाच वापरतो. प्रत्येक मॉडेल वर्ष कुणासाठी तरी सुधारलेलं आणि कुणासाठी तरी बिघडलेलं असतं. फक्त ते ‘कुणासाठी’ स्प्रेडशीटच्या एकाही रकान्यात नव्हतं.

आम्ही हिरवी घेतली. बाबांना सांगितलं, ‘पंच्याण्णवचं मॉडेल.’ ते म्हणाले, ‘बरं. पावत्या जपून ठेव.’ ते खरंच आहे. नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाने साधारण साठ दिवस हातात असतात, आणि डाव्या स्टिअरिंगची इतकी जुनी गाडी काही भारतात नेता येणार नाही. तेव्हा ती ज्याच्याकडे जाईल, त्याला सालापेक्षा ही फाइलच जास्त सांगेल.

काट्याची सवय झाली आहे. तो मधोमध उभा राहतो आणि सगळं ठीक असल्याचं सांगतो. मी दर दुसऱ्या रविवारी बॉनेट उघडतो, डिपस्टिक पुसतो, पुन्हा बुडवून ऑइल बघतो आणि तारीख फाइलमध्ये लिहितो.