जोडीचा धातू

भिलाईत पोस्टिंग आलं की पोलादाच्या गप्पा टळत नाहीत. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि रेल्वेचे रूळ म्हणजे भिलाई, हे समीकरण पक्कं झालं. पण पोलाद कडक असून भागत नाही. ते कोणाशी घासलं जाणार, हेही पाहावं लागतं. एनसीसीच्या एका माजी कॅडेटच्या जीपमुळे हा धडा चांगलाच समोर आला.

जीप जुनी, महिंद्राची सीजे-3बी, पेट्रोलवाली. या इंजिनात कॅमशाफ्टवरचे दात ऑइल पंपाचा गिअर फिरवतात आणि पंपाच्याच शाफ्टवरून डिस्ट्रिब्युटर फिरतो. म्हणजे तेल आणि ठिणगी, दोन्हींची भिस्त एका छोट्या गिअरवर. पोराने ऑफ-रोड स्पर्धेसाठी दोन वर्षांची बचत घालून अखंड पोलादातून नवा कॅमशाफ्ट करून घेतला. पंपाला मात्र दुकानदाराने दिलेला बिडाचा गिअर बसला. काही शे किलोमीटरांत टायमिंग सरकू लागलं. उघडून पाहिलं तर दात सुरीच्या पात्यासारखे झालेले, तेलात चमचमणारा चुरा. हेच दात केशकाल घाटात तुटले असते तर तेलाचा दाब शून्यावर आला असता, ठिणगीही गेली असती आणि इंजिन बंद.

"सर, आता सगळ्यात कडक पोलादाचाच गिअर टाकतो," तो म्हणाला.

इथेच गडबड होते. या दोन शाफ्टची दिशा आडवी-उभी. त्यामुळे तिरपे दात एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतात. सगळा भार अगदी लहानशा जागेवर येतो. एकाच जातीची दोन पोलादं अशी घासली की पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात. म्हणून बिडाच्या कॅमला बिडाचा गिअर चालतो. पोलादी कॅमला पृष्ठभागावर खास उष्णता-प्रक्रिया केलेला पोलादी गिअर हवा, नाहीतर ॲल्युमिनियम ब्रॉन्झचा. ब्रॉन्झ लवकर झिजतो, पण कॅम वाचवतो. रोजच्या लांब पल्ल्याला पहिला बरा, स्पर्धेच्या गाडीला दुसरा.

तोफखान्यातल्यांना हे नवं नाही. तोफगोळ्याभोवती तांब्याचा पट्टा असतो. नळीतल्या आट्यांत तो स्वतः चेपला जातो, नळी जपतो.

आमच्या शेजारी रेल मिलमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर 880 ग्रेडचे रूळ पाहिले. रूळ किती कडक हवा हे चाकाकडे पाहूनच ठरतं, असं ते सांगतात. त्यांनी पोराला एवढंच विचारलं, "झिजायचं कोणी, ते ठरवलंस का?"

पोराने ब्रॉन्झ निवडला. पंप साधाच ठेवला, कारण जादा दाबाचा पंप त्याच दातांवर जादा भार टाकतो. आता प्रत्येक ऑइल बदलाला तो गिअर काढून दात तपासतो, वहीत नोंद करतो. टूलबॉक्समध्ये दुसरा गिअर तयार असतो. कॅमशाफ्टच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे.