विहीर होती, दोर नव्हता

ताम्हिणी घाट उतरून माणगांवास आलें, कीं कोंकणच्या पावसाचा खरा परिचय होतो. गेल्या आषाढांत, दिव्यांच्या अंवसेच्या आदले दिवशीं, मी पुण्याहून श्रीवर्धनास वडील बहिणीकडे निघालों, तेव्हां धबधबे पाहावयास आलेल्यांच्या मोटारींची घाटांत रांग लागली होती. मला मात्र म्हसळें ओलांडून आक्काचें अंगण केव्हां एकदां दिसतें असें झालें होतें.

श्रीवर्धन हें पेशव्यांचें मूळ गांव. येथील देशमुखी भट घराण्याकडे होती, हें मीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. गांवकऱ्यांचा जिव्हाळ्याचा विषय मात्र पेशवे नव्हेत, रोठा सुपारी! समुद्राकांठच्या वाड्यांतून उंच पोफळी, त्यांवर चढलेले मिऱ्यांचे वेल आणि खालीं भर दुपारींही हिरवा काळोख, असें हें गांव मीं लहानपणीं पाहिलें. आतां त्या काळोखाला मोठमोठीं भोंकें पडलीं आहेत. पोफळ फळास यावयास पांच-सहा वर्षें तरी लागतात. त्यामुळें २०२० सालची जखम अद्यापि नीट भरून आलेली नाहीं.

त्या वर्षीं मार्चांत मी चार दिवसांसाठीं म्हणून येथें आलों आणि टाळेबंदीमुळें अडकून पडलों. ३ जून रोजीं, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीस, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें. ताशीं १०० ते ११० किलोमीटर वेगाचा वारा म्हणजे काय, हें आंकड्यांवरून कळत नाहीं. आम्ही नऊ माणसें माजघरांत बसलों होतों. कौलें उडत होतीं, आणि वाडींतून पोफळी मोडल्याचे आवाज एकामागून एक येत होते. नाना, म्हणजे आमचे मेहुणे, प्रथम ते मोजीत होते. पुढें त्यांनीं मोजणें सोडून दिलें.

सायंकाळीं बाहेर येऊन पाहतों, तों विजेचे खांब रस्त्यावर आडवे, आणि न्हाणीघरावरची प्लास्टिकची टाकी शेजाऱ्यांच्या वाडींत जाऊन पडलेली. पाण्याची चिंता कोणास वाटली नाहीं, कारण परसांत विहीर होती. दुसरे दिवशीं सकाळीं आक्का कळशी घेऊन विहिरीवर गेली आणि तशीच परत आली. विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीखालीं विजेचा पंप. जुना रहाट एका पर्यटकनिवासाच्या अंगणांत शोभेसाठीं केव्हांच गेलेला. पोहरा माळ्यावर सांपडला, पण दोर कोठेंच मिळेना. कपडे वाळविण्याची दोरी बांधून पाहिली. ती तिसऱ्या खेपेसच तुटली. घर पेटल्यावर विहीर खणूं नये, असें मीं चाळीस वर्षें मुलांना संस्कृताच्या तासाला शिकविलें. येथें विहीर खणलेली होती, तुडुंब भरलेली होती, आणि नऊ माणसें तहानेलीं तिच्या कांठावर उभीं होतीं! शेवटीं ज्याची होडी फुटली होती असा एक कोळी स्वतः होऊन तिचा दोर घेऊन आला. त्याला पैसे देऊं केले, तर तो रागावला.

पुढें एकेक गोष्ट उघडी पडत गेली. भाच्यानें हौसेनें बसविलेला इन्व्हर्टर पहिल्याच रात्रीं संपला. मोबाईलचे मनोरे मुके झाले. पिठाची गिरणी बंद, म्हणून जातें काढलें. पण दळावयाचें कसें तें एकट्या आक्कासच ठाऊक. खिशांत कार्ड होतें, रोकड नव्हती. दोन दिवसांनीं वटपौर्णिमा आली, ती बायकांनीं उन्मळून पडलेल्याच वडापाशीं केली.

पण या सर्व गैरसोयी झाल्या. खरी भीति निराळीच होती, आणि ती घरांत कोणी बोलून दाखवीत नव्हतें. नानांस मधुमेह असून रोज इन्सुलिन घ्यावें लागतें. फ्रीजमध्यें तीन कुप्या होत्या, आणि फ्रीज आतां नुसतें कपाट झालें होतें. आक्कानें मडक्यांत ओली वाळू घालून त्या ठेवल्या. ही युक्ति देशावरच्या कोरड्या हवेंत उत्तम. ज्येष्ठांतल्या कोंकणच्या दमट हवेंत मडकें फारसें गार होत नाहीं. गांवच्या डॉक्टरांनीं धीर दिला. तीस अंशांच्या आंत राहिलें, तर बाहेर काढलेलें हें इन्सुलिन सुमारें चार आठवडे चालतें, तेव्हां कुप्यांवर तारीख लिहा, असें ते म्हणाले. नानांनीं तारीख लिहिली. पण तिन्ही कुप्या एकाच दिवशीं फ्रीजबाहेर आल्या होत्या, म्हणजे तिघींची मुदतही एकाच दिवशीं संपणार, हें मास्तराच्या डोक्यांत शिरल्यावांचून राहीना. रात्रीं मी दिवस मोजीत बसें.

नवव्या दिवशीं वाट मोकळी झाली, तसा भाचा दुचाकीवरून माणगांवास गेला. नव्या कुप्या त्यानें थर्मासांत आणल्या. बर्फास औषध लागूं नये म्हणून मध्यें टॉवेलाची घडी घातली होती, कारण गोठलेलें इन्सुलिन टाकूनच द्यावें लागतें. आमच्या घरीं वीज आली ती सव्विसाव्या दिवशीं. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, तेव्हां चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भाच्याचा फोन आला, “मामा, आमच्याकडे तर विहीरही नाहीं!”

यंदां गेलों तों विहिरीवर लांकडी कप्पी बसलेली दिसली. पंप आहेच, पण आक्काचा नियम असा, कीं देवपूजेचें पाणी रोज पोहऱ्यानेंच काढावयाचें. कोणी सोंवळ्यासाठीं म्हणून समजतात, ती हंसते. दोर कुजला कीं रोजच्या हातास कळतो, हें तिचें खरें कारण. नानांची नवी कुपी जुनी अर्धी संपतांच येते. सुट्या नोटा फडताळांतल्या डब्यांत असतात, आणि त्यांस हात लावावयाची सुनेसही परवानगी नाहीं.

अंवसेच्या दिवशीं दिवे घासून पाटावर मांडले. समया, निरांजनें, लामणदिवा आणि त्यांच्याच ओळींत कांच पुसलेला कंदील, दोन बॅटऱ्या व एक सौरदिवा. सर्वांस हळदकुंकूं वाहिलें. रॉकेल आतां सहज मिळत नाहीं, म्हणून कंदिलापुरतें राखून ठेवून बाकीचे दिवे खोबरेल तेलाचे. तिन्हीसांजा झाल्या, तसे नाना उठले आणि त्यांनीं मुख्य बटण खालीं ओढलें. सात वर्षांची नात काळोखांत चाचपडत गेली, आगपेटी काढली, आणि आईच्या देखरेखीखालीं समई लावली.

“आजोबा, वीज कधीं येणार?” तिनें विचारलें.

“जेवणें झाल्यावर,” नाना म्हणाले, आणि कणकेच्या गोड दिव्यांवर तूप वाढूं लागले.