इंदूर ते नाशिक, मुक्काम धुळे

आमच्या इंदूरला मोटारींची हौस जुनीच. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ साली अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून बांधून घेतली. त्यांच्या माणिकबाग राजवाड्यात पुढे सरकारी कर खात्याचं ऑफिस आलं. दोन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड जर्मन लक्झरी गाडी घेतली, तेव्हा मित्रांनी मला 'होळकर सरकार' म्हणायला सुरुवात केली.

गाडी नवी असताना साठ लाखांची, आठ वर्षं वापरलेली, मला मिळाली चौदा लाखांत. जो तो विचारायचा, "कितीला पडली?" आयुष्यभर हिशेबाची नोकरी केलेल्या बाबांनी मात्र वेगळंच विचारलं. "पडली कितीला ते कळलं. राहील कितीला?" मी हसून विषय बदलला. उत्तर मिळालं ते धुळ्याला.

गेल्या जानेवारीत नाशिकच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं, रविवारी सकाळी. बाबांची ही एकुलती एक बहीण. बाबांची कंबर धरते, लांबचा प्रवास झेपत नाही. खरं तर गाडी घेण्याचं मुख्य कारण तेच होतं. शनिवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही निघालो. मानपूरचा घाट उतरलो, खलघाटला आईने नर्मदेला हात जोडले. सेंधव्याच्या पुढे बिजासन मातेचं दर्शन घेतलं. तिथून घाट उतरला की दुकानांवरच्या पाट्या मराठी होतात. लहानपणी आम्ही भावंडं पहिली मराठी पाटी कोण वाचतो याची पैज लावायचो. बाबा मागच्या सीटवर गाढ झोपले होते. गाडी खरंच सुंदर चालते, हे कबूल करायलाच हवं.

शिरपूर सोडून तापीचा पूल ओलांडला आणि थोड्या वेळात रस्त्यावर पडलेला लोखंडी तुकडा चुकवता चुकवता चाकाखाली आला. समोर लाल दिवा लागला: मागच्या डाव्या टायरमध्ये हवा नाही. अशा गाड्यांना 'रनफ्लॅट' टायर असतात. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड असतात की हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आतल्या वेगाने जाता येतं. म्हणूनच कंपनी स्टेपनी देत नाही. धुळ्यापर्यंत हळूहळू पोहोचलो.

हायवेवरच्या टायरवाल्याने चाक फिरवून पाहिलं आणि मान हलवली. "दादा, साधं पंक्चर असतं तर दहा मिनिटांत काढून दिलं असतं. हा बाजूने फाटलाय. आणि या मापाचा टायर धुळ्यात मिळायचा नाही. स्टेपनी काढा." मी डिकीतलं खालचं झाकण उघडून दाखवलं. तिथे बॅटरी होती.

फोनाफोनी सुरू झाली. नाशिकला त्या मापाचा टायर शिल्लक नव्हता. इंदूरला होता, २६,००० रुपयांना एक. शिवाय एका आक्सलवरचे दोन्ही टायर सारखे झिजलेले हवेत, म्हणून दोन बदलायचे. रात्रीच्या बसने पार्सल येईल, सकाळी बसवायचे. म्हणजे धुळ्याला मुक्काम.

बाबांनी घड्याळ पाहिलं. "तू थांब गाडीपाशी. आम्ही एसटीने जातो." आईने त्यांच्या कंबरेला पट्टा बांधून दिला. स्टँडवर गर्दी होती. ज्यांच्यासाठी गाडी घेतली ते बाबा दांडीला धरून एसटीच्या पायऱ्या चढले आणि खिडकीतून मलाच म्हणाले, "जेवून घे नीट."

रात्री गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत समोर आलं, पण जेवण काही गोड लागेना. लॉजवर कागद घेऊन बसलो आणि दोन वर्षांचा खर्च लिहून काढला. विमा १,१०,०००. दोन सर्व्हिसिंग ८०,०००. पुढच्या ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि त्यांचे सेन्सर ७२,०००. सस्पेन्शनचं काम ६५,०००. बॅटरी, आणि ती बदलल्यावर कंप्युटरला सांगण्याची मजुरी धरून, २८,०००. आताचे टायर ५२,०००. बेरीज ४,०७,०००, म्हणजे महिन्याला जवळजवळ १७,०००.

तेव्हा साधी गोष्ट डोक्यात शिरली. जुनी गाडी स्वस्त होते, पण तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. मी चौदा लाखांची गाडी घेतली होती, पण सांभाळत होतो साठ लाखांचीच.

रविवारी टायर बसून मी निघालो तेव्हा अकरा वाजले होते. नाशिकला पोहोचलो तर ओवाळणं आटोपून पाहुणे पांगले होते. आत्याने माझं ताट झाकून ठेवलं होतं. कोणी काही बोललं नाही. बाबा आतल्या खोलीत, कंबरेला शेकायची पिशवी लावून पडले होते.

गाडी मी विकलेली नाही. मात्र आता तिच्यासाठी वेगळं खातं आहे, त्यात दर महिन्याला पैसे टाकतो. डिकीत एक बारकी स्टेपनी विकत घेऊन ठेवली आहे. तिने अर्धी डिकी खाल्ली. अलीकडे आपल्या मंडळातली दोन-तीन मुलं 'चौदा-पंधरा लाखांत मस्त मिळतेय' म्हणून माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी त्यांना आधी तीन गोष्टी विचारून यायला सांगतो. एका टायरची किंमत, यंदाच्या विम्याचा आकडा, आणि तुम्ही नेहमी ज्या रस्त्याने गावी जाता तिथे ही गाडी दुरुस्त करणारा कुठे आहे. आणि हो, वर्षाचा खर्च झेपत असेल तर जरूर घ्या. हौसेला मोल असतंच.

परतताना बाबा पुन्हा मागे झोपले. मानपूरच्या घाटात जागे झाले आणि म्हणाले, "केलास का हिशेब?" मी खिशातला लॉजचा कागद मागे दिला. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले, बेरीज तपासली आणि कागद परत देत म्हणाले, "पेट्रोल लिहायचं राहिलंय."