पिवळी भिंत, निळी भिंत

चुन्यात पिवडी नाहीतर नीळ कालवली की भिंतीचं भागायचं, ते दिवस मी पाहिलेत. आता शेडकार्डात हजारांनी छटा असतात, तरी घराघरांतला वाद फिरून पिवळा की निळा, इथेच येतो.

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत आजींना पिवडीचा पिवळा हवा होता, नातीला राखाडीकडे झुकणारा निळा. "काका, पिवळ्यानं धर्मशाळा वाटेल हो!" ती म्हणाली. खोलीला खिडकी एकच, तीही उत्तरेची. मी दोन्ही रंगांचे छोटे डबे आणले. प्रत्येक रंगाचा एक पट्टा खिडकीसमोरच्या भिंतीवर, एक खिडकीलगतच्या अंधाऱ्या भिंतीवर. प्रत्येक दोन फूट बाय दोन फूट, रंगाचे दोन हात, मध्ये चार तास सुकायला. भोवती पांढरा प्रायमर मारला, कारण जुना रंग शेजारी असला की नवा रंग खरा दिसत नाही.

उत्तरेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. त्यात निळा आणखी थंड झाला. खिडकीलगतच्या भिंतीवर तर ओल आल्यासारखा दिसू लागला. पिवळ्याचा भडकपणा तेवढा उतरला, ऊब राहिली.

संध्याकाळी मी मुद्दाम दिवे लावू दिले नाहीत. उजेड कमी होत गेला तसा पिवळा मातकट झाला आणि निळा उजळ वाटू लागला. अंधुक उजेडात आपला डोळा निळ्याकडे जास्त झुकतो; पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं १८१९ च्या सुमारास हे टिपलं होतं. नात खूश झाली. मग आजींनी त्यांचा नेहमीचा पिवळा दिवा लावला, आणि निळ्याचा क्षणात मळकट हिरवट राखाडी झाला. त्या खोलीत रोज रात्री तोच दिवा जळणार होता.

तिथे पिवळाच दिला, पण पट्ट्यापेक्षा एक छटा फिका. चार भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे अख्खी खोली रंगवल्यावर तो पट्ट्यापेक्षा गडद भासतो. निळा वाया गेला नाही. नातीच्या पश्चिमेच्या खोलीत दुपारभर ऊन तापतं, तिथे तो फार देखणा दिसला.

तेव्हा शेडकार्डावरच्या टिकलीएवढ्या चौकोनावरून रंग ठरवू नका. भिंतीवर पट्टे मारा, दुपारी पाहा, रात्री तुमच्याच दिव्यात पाहा, आणि मगच मोठे डबे आणा.